दुसरा तुंबा

नैरोबीपासून लांब, कड्याकाठच्या कापकेरीन गावातून कुणी पोर परदेशी शर्यतीला निघालं, की त्याच दिवशी कोबिलोच्या चुलीवर दूध तापायला लागायचं. शर्यत अजून व्हायची असायची, निकालाचा पत्ता नसायचा, पण दूध काही निकालासाठी थांबत नाही. ते मुरायला दिवस लागतात. पोर जिंकून विमानातून उतरलं आणि मग वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरायला घेतला, तर त्याच्या हातात काय कोरा चहा देणार?

तुंबा धुण्यापासून कोबिलोचं सगळं ठरलेलं होतं. धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा. मग ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाची काडी पेटवून तिचा निखारा तुंब्याच्या आत फिरवायचा आणि कुंच्याने तो कोळसा घासघासून आतली भिंत काळीभोर करायची. त्यावर तापवून निववलेलं दूध ओतायचं, कातडी टोपण घट्ट बसवायचं आणि खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून विसरून जायचं. कुणी डोकावायला आलं तर ती म्हणायची, "सारखं उघडून बघू नका गं. दूध रुसतं."

जिंकून आलेल्या पोराला गाव फाट्यावर गाठायचं. गळ्यात रानवेलीची माळ, बायकांच्या किलकाऱ्या, आणि मग कोबिलोच्या हातचा तुंबा त्याच्या तोंडाला. धुराच्या वासाचं, आंबट, राखाडी झाक असलेलं ते दूध घोटभर घेतलं की पोर खरं घरी आलं. आईने मात्र आपल्या लेकराला तुंबा पाजायचा नाही, अशी गावाची रीत. आईने पाजलं तर ते घरचं दूध, दुसऱ्या बाईने पाजलं तर गावाचं. ती दुसरी बाई म्हणजे कितीतरी वर्षं कोबिलोच.

आणि हरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी फाट्यावर कुणी जात नसे. पण तुंबा तर भरलेला असायचा. तो शालीखाली धरून कोबिलो संध्याकाळच्या आत त्या घराच्या मागच्या दाराशी जायची.  तुंबा द्यायची, पोराच्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची आणि परत यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच सुरू केलं होतं.

तिची स्वतःची लेक जेरोतिच. कड्याच्या काठाने शाळेत पळत जाणारी, पळत येणारी. नवरा लवकर गेला, घरात दोघीच. पोर वाऱ्यासारखी धावायची, पण आमच्याकडच्या पोरींचं दुखणं ते हेच. धावतात सगळ्याच. देशाच्या संघात तिघींना जागा, आणि निवडीच्या शर्यतीत जेरोतिच चौथी. पुढच्या खेपेला पुन्हा चौथी. पहिल्या तिघी विमानात बसल्या, चौथी मटाटूच्या, म्हणजे माणसं कोंबलेल्या भाड्याच्या गाडीच्या, मागच्या बाकावर बसून घरी आली. कोबिलोने तुंबा भरून ठेवला होताच, पण तो मागच्या दाराने कुठे नेणार? दार तिचंच होतं. मायलेकी चुलीपाशी बसून ते दूध प्यायल्या.

मग बहारीनहून एक प्रशिक्षक आला. आमच्याकडून धाव, म्हणाला. कागदपत्रं आम्ही करू, शिकवू, राहायला जागा देऊ.

जेरोतिचने आईला विचारलं, "जाऊ का?"

कोबिलो शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "देवाने पाय धावायला दिलेत. कुणाकडून धावायचं ते काही पायांवर लिहून पाठवलेलं नाही."

जेरोतिच गेली. तिकडच्या कागदांवर तिचं नाव मरियम झालं. गावाने तोंडावर काही म्हटलं नाही, पण विहिरीवर, चर्चच्या पायरीवर कानावर यायचंच. "दूध आमचं आणि पळायचं परक्यांसाठी." "वाळवंटात कुठला आलाय चढ? उंटामागे पळत असेल." आणि एक गोष्ट अशी झाली, की ती कुणी ठरवून केली नसेल. आमच्यात पोर झालं की बाईचं नाव मागे पडतं, ती अमक्याची आई होते. कोबिलोला सगळे जेरोतिचची आई म्हणायचे. जेरोतिच गेल्यावर हळूहळू सगळे तिला पुन्हा कोबिलो म्हणायला लागले. म्हातारपणी तिला तिचं कुमारपणातलं नाव परत मिळालं आणि ते तिला मुळीच नको होतं.

चार वर्षांत जेरोतिच दोनदा आली, तीही गुपचूप, ओढ्याकडच्या वाटेने. शर्यती तिने जिंकल्याही. पण कोबिलोने तिच्यासाठी तुंबा भरला नाही. भरला असता तर पाजणार कोण होतं? रीत गावाची, आणि गावाने तर तिचं नाव घेणंही सोडलं होतं.

त्या वर्षी जागतिक स्पर्धेत दहा हजार मीटरला कापकेरीनची चेबेत निवडली गेली. चेबेत म्हणजे कुंपणापलीकडच्या सालिनाची धाकटी. आणि त्याच शर्यतीत बहारीनकडून जेरोतिच.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सांगितलं, "आपल्या पोरीसाठी प्रार्थना करू. कोबिलो, तुम्ही म्हणा."

कोबिलो उठली, डोळे मिटले. "हे प्रभू, आमच्या लेकरांबरोबर राहा. दोघींचे पाय सांभाळ."

'दोघींचे' हा शब्द तोंडातून गेला आणि तिचा तिलाच ऐकू आला. बाकांवर चुळबुळ झाली. बाहेर पडताना सालिनाने तिला कोपराने ढोसलं.

"काय गं, दोघी म्हणालीस? वर देवाला काय वाटलं असेल? कुणाला पुढे काढू, असं विचारायला त्याला खाली यायला लागेल."

"पाय सांभाळ म्हटलं मी. पुढे काढ नाही म्हटलं."

"तेही खरंच," सालिना हसली. "पुढे काढायचं मी सांगितलंय."

सालिना तशी वाईट नव्हती. तोंडाने तिखट, हाताने मोकळी. साखर संपली तर कुंपणावरून भांडंच्या भांडं यायचं. त्याच आठवड्यात ती विस्तव मागायला आली आणि तिला कोपऱ्यात एक नाही, दोन तुंबे दिसले.

"हा चेबेतचा. आणि हा?"

"गाय जरा जास्त देतेय सध्या," कोबिलो म्हणाली.

सालिनाने गायीकडे पाहिलं. गाय म्हातारी होती, बरगड्या दिसत होत्या. सालिना विस्तव घेऊन गेली.

शर्यत मझे यातोरांच्या दुकानात सगळ्यांनी मिळून बघितली. वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे मझे म्हणतात. यातोर गावातले वडीलधारे, चर्चचे पंच, आणि मुख्य म्हणजे त्यांचा टीव्ही मोठा. साबणाच्या खोक्यांवर, तेलाच्या डब्यांवर माणसं बसली होती. सालिना पुढे स्टुलावर, कोबिलो मागे दाराशी.

सुरुवातीला घोळक्यात कोण कुठे आहे काही कळत नव्हतं. चेबेत दिसली की दुकान ओरडायचं. हळूहळू घोळका विरळ झाला. दोन इथिओपियाच्या पोरी पुढे निघाल्या. त्यांच्यामागे चेबेत, आणि चेबेतच्या पाठीला लागून लाल-पांढऱ्या कपड्यांतली एक. पडद्यावर नाव आलं मरियम. पण त्या दुकानात नाव वाचायची कुणाला गरज नव्हती. डावा कोपर बाहेर काढून, कडेवर कोकरू असल्यासारखी धावणारी पोर कड्याच्या काठाने सगळ्यांनीच वर्षानुवर्षं बघितली होती.

शेवटची फेरी सुरू झाल्याची घंटा वाजली. चेबेत तिसरी, जेरोतिच चौथी. "चेबेत! चेबेत!" दुकान नुसतं दणाणत होतं. शेवटच्या वळणावर तो डावा कोपर आणखी बाहेर आला आणि जेरोतिच बाहेरून चेबेतला मागे टाकून गेली.

जेरोतिच तिसरी, चेबेत चौथी.

कोबिलोच्या गळ्यात किलकारी उठली. ती विचारून उठत नाही, आतूनच येते. तिने शालीचं टोक तोंडात कोंबलं. दुकानात इतकी शांतता झाली, की टीव्हीतला माणूस परक्या भाषेत काय काय ओरडतोय ते स्पष्ट ऐकू येऊ लागलं. सालिना उठली, स्वतःचं स्टूल उचललं आणि कोबिलोच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोबिलोने चेबेतचा तुंबा शालीखाली घेतला. चेबेत येईपर्यंत थांबायचा तिला धीर नव्हता, आणि जायलाही मन घेत नव्हतं. पण नेमच होता तो. हरलेल्या पोराच्या घरी मागच्या दाराने जायचं. ते दार आज उघडायला अवघड आहे म्हणून नेम मोडायचा, तर इतकी वर्षं पाळला कशाला?

सालिना मागच्या अंगणात मका सोलत होती.

"आलीस?" ती मान वर न करता म्हणाली. "वाटच बघत होते. आण. माझी पोर हरली हे मला अजून कळलं नव्हतं, तुझ्या दुधाने कळू दे."

"सालिना, तुझ्या मोठ्याच्या वेळीसुद्धा मी याच दाराने आले होते."

"आली होतीस. आपण दोघी इथेच बसून प्यायलो होतो. पण तेव्हा त्याला हरवणारा तुझ्या पोटचा नव्हता." सालिनाने कणीस टोपलीत आपटलं. "प्रार्थनेत दोघी म्हणालीस तू. देवाने तुझं ऐकलं. माझं नाही ऐकलं."

कोबिलोने तुंबा उंबऱ्यावर ठेवला. चेबेत घरात नव्हती, अजून परदेशातच होती, म्हणून हात कुणाच्या डोक्यावर ठेवावा ते तिला कळेना. तिने तो तुंब्याच्या टोपणावर ठेवला, ओठ हलवले आणि निघाली.

"आणि तो दुसरा?" मागून सालिनाचा आवाज आला. "तुझ्या दुभत्या गायीचा?"

कोबिलोने कुंपणाचं फाटक मागे ओढून घेतलं.

संध्याकाळी जेरोतिचचा फोन आला. पहिल्यांदा दोघी नुसत्या रडल्या. मग जेरोतिच म्हणाली, "शनिवारी येते. ओढ्याकडून येते, आई. फाट्यावर नको. उगीच सालिनामावशीला समोर बघायला नको."

"ये," कोबिलो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, मागच्या दाराने हरलेल्यांकडे मी जाते. आणि माझी जिंकलेली पोर मागच्या दाराने घरी येणार.

शुक्रवारी मझे यातोर काठी टेकत आले. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "चेबेत चौथी आली, तरी जगात चौथी. पोर रडत येऊ नये. आम्ही ठरवलंय, या खेपेला फाट्यावर घ्यायचं तिला. तुंबा लागेल."

"तो सालिनाकडे दिला, मझे."

"सालिना म्हणते, हरलेल्यांचा तुंबा फाट्यावर आणणार नाही. मग दुसरा दे. तुझ्याकडे आहे म्हणतात."

कोबिलोने चुलीतलं लाकूड आत सारलं. त्या घरात कुणी तुंबा मागितला आणि रिकाम्या हाताने गेला, असं कधी झालं नव्हतं.

"तो देता येणार नाही."

"का?"

"तो कुणाचा तरी आहे."

"कुणाचा?"

"माझ्या पोरीचा," ती म्हणाली. "जेरोतिचचा."

चार वर्षांत परक्या माणसासमोर तिने हे नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. मझेंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"पाजणार कोण तिला? रीत तुला ठाऊक आहे."

"देव बघेल."

"देव तुंबा हातात धरत नाही, कोबिलो," मझे म्हणाले. रागाने नाही, जरा दुःखानेच. आणि उठून गेले.

शनिवारी सकाळीच तिने तुंब्यावरची मण्यांची माळ पुसली. रानवेलही तोडून आणली होती, ती ओल्या फडक्यात गुंडाळली. मग ओढ्याकडच्या वाटेवर, वडाखाली जाऊन बसली. तुंबा मांडीवर. एकदा तिला वाटलं, इथे कोण बघतंय, मीच पाजेन. पण मग ते घरचं दूध झालं असतं. घरचं दूध पोरीने पूर्वीही प्यायलं होतं, चौथी आली तेव्हा.

"प्रभू," ती हळूच म्हणाली, "मी गावातल्या सगळ्यांच्या पोरांना तुंबा पाजला. मला कुणाचा हिशेब नको. फक्त आज एक बाई पाठव."

फाट्याकडून गाणं ऐकू यायला लागलं. आणि मग वाटेवर धापा टाकणं. शाल खांद्यावरून घसरलेली, काखेत तुंबा, सालिना उतार उतरून येत होती.

"इथे काय बसलीस माकडासारखी झाडाखाली? ऊठ!"

"ती ओढ्याकडून..."

"कुठली ओढ्याकडून! फाट्यावर उभी आहे ती. दोघी एकाच गाडीतून आल्या. मीच फोनवर दम दिला तिला. म्हटलं, फाट्यावर उतर, नाहीतर चेबेतलाही गाडीतून उतरू देणार नाही."

कोबिलोला काही समजेना. सालिना तिच्या शेजारी मटकन बसली, श्वास घेतला.

"चेबेतने फोनवर सांगितलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझ्या पोरीने कुठून तरी मक्याचं पीठ मिळवलं, उगाली केली. दोघी एका ताटात जेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी तिने हरवलं. चेबेत म्हणते, बरोबर हरवलं, आई, माझे पायच संपले होते. आणि म्हणते, जेवताना तुझ्या पोरीने विचारलं, आई माझ्यासाठी तुंबा भरते का गं? चेबेतला काय ठाऊक असणार." सालिनाने डोळे पुसले. "मला ठाऊक होतं. मी बघितला होता. म्हातारी गाय जास्त दूध देते म्हणे! बाई, तुला खोटंही धड बोलता येत नाही."

"सालिना..."

"गप्प बस. चेबेत फोनवर रडायला लागली. चौथी आले म्हणत होती. चौथी. तेव्हा मला कळलं चौथी म्हणजे काय. तुझी पोर दोनदा चौथी आली आणि मी इकडे खुशाल माझ्या घरी मका भाजत होते. एकदाही तुझ्या मागच्या दाराशी आले नाही." ती उठली आणि हात पुढे केला. "दे तो तुंबा. माझ्या पोरीचं पदक घेतलंय तिने, आता हे सगळं दूध तिच्या नाकातोंडात घालते की नाही बघ. आणि हा माझा धर. उघडलेला नाही. चेबेतला तू पाज. चल, जेरोतिचच्या आई."

कोबिलो उठली. सालिनाने तिला दंडाला धरून चढावरून ओढत नेलं.

फाट्यावर सगळी माणसं एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि मधे कुणालाच पाऊल टाकवेना. चेबेत आणि जेरोतिच गाडीला टेकून उभ्या होत्या. मझे यातोरांच्या हातात देशाचा झेंडा होता. तो उंच धरावा की खाली, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"नाव काय पुकारू?" त्यांनी सालिनाला हळूच विचारलं. "मरियम म्हणू का?"

"पोर समोर उभी आहे, मझे, विमानाचं तिकीट नाही. जेरोतिच म्हणा."

गर्दीत कुणीतरी कुरकुरलं, "पण पदक त्यांचं ना?"

"पदक त्यांचं. दूध आमचं," सालिना मागे वळून म्हणाली. "तुला हवं असेल तर पदक मागायला बहारीनला जा. मी पोर घेते."

लोक हसले. एकदा हसल्यावर मग माणसांना असं लांब उभं राहता येत नाही. सालिनाने जेरोतिचच्या गळ्यात वेल घातली, टोपण काढलं आणि तुंबा तिच्या तोंडाला लावला. खरंच इतका वर केला की दूध हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. जेरोतिचला ठसका लागला, तरी तिने तुंबा सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून पीत राहिली, आणि पितानासुद्धा तिचा डावा कोपर बाहेर आलेला होता.

"पुरे गं," सालिना म्हणाली. "गावाला ठेव थोडं."

कोबिलोने चेबेतला पाजलं. आणि मग चेबेतच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, तर त्या दुकानात शालीत दाबलेली ती किलकारी वर आली. आता तोंडात कोंबायला काही नव्हतं, दोन्ही हात गुंतलेले. किलकारी इतकी लांब गेली की गाडीपाशी चरणारी शेरडं बिचकली. बाकीच्या बायकांनी ती उचलली. मझे यातोरांनी शेवटी झेंडा चेबेतच्या हातात दिला, आणि जेरोतिचला काय द्यावं ते न सुचून स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

काही महिन्यांनी दोघी पोरी पुन्हा निघाल्या. एक नैरोबीला, एक बहारीनला, पुढच्या शर्यतीच्या तयारीला. कोबिलो अंगणात तुंब्यात निखारा फिरवत होती. कुंपणावरून दुधाचं भांडं आलं, भांड्यामागून सालिना.

"हे माझ्या गायीचं. तुझ्या त्या म्हातारीला आता खोटं बोलायला लावू नकोस." तिने दोन तुंबे बघितले. "रविवारी प्रार्थना तूच म्हणणार ना? मग नीट म्हण. या खेपेला चेबेत पुढे."

कोबिलोने काडीवर फुंकर घातली. निखारा लाल झाला.

"मी दोघींचे पाय म्हणणार," ती म्हणाली. "पुढचं तू सांग."

"सांगतेच," सालिना म्हणाली, आणि कुंचा उचलून दुसरा तुंबा घासायला बसली.